पाणी कुणी मारलं?

आमच्या गृहप्रवेशाच्या दिवशी मांडवात ह्यांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फेटा. नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी दोन शब्द सांगितले. "एका साध्या टर्नरनं कुणापुढं हात न पसरता स्वतःचं घर आणि स्वतःचं वर्कशॉप उभं केलं. एकट्याच्या हिमतीवर!" टाळ्या झाल्या. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आणि आमच्या सूनबाईंनी साथ दिली." पुन्हा टाळ्या झाल्या, जरा कमी. मी स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होते. मीही टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्यांचा मला आज राग येतो. मांडवातल्या टाळ्यांचा नव्हे, माझ्या स्वतःच्या टाळ्यांचा. म्हणून हा लेख.

नवं घर बांधलेल्या कुठल्याही बाईला विचारून बघा, "घर कुणी बांधलं?" ती पटकन सांगेल, "ह्यांनी." खोटं बोलायचं म्हणून नाही. तसंच बोलायचं असतं हे तिच्या जिभेला लहानपणापासून माहीत असतं. आईचं घर बाबांनी बांधलं, आजीचं आजोबांनी. मग ही भिंतीला पाणी कोण मारत होतं?

आमचीच गोष्ट सांगते. आमचे हे बेळगावच्या उद्यमबागेत बावीस वर्षं दुसऱ्याच्या लेथवर काम करीत होते. पुढं एक जुना लेथ घेऊन भाड्याच्या गाळ्यात जॉबवर्क सुरू केलं. एक भाडं गाळ्याचं, एक राहत्या घराचं. शेवटी शहराबाहेर चाळीस बाय साठची जागा घेतली. मागं वर्कशॉप, पुढं घर. दोन्ही एकदम झेपणारं नव्हतं, म्हणून दोन हिवाळ्यांत बांधायचं ठरलं. पहिल्या हिवाळ्यात शेड, दुसऱ्यात घर.

हिवाळाच का, ते आमच्या भागातल्यांना सांगायला नको. जूनला धरलेला पाऊस दसऱ्यापर्यंत पाठ सोडत नाही. पाया खणला की त्यात तळं होतं. म्हणून दिवाळी झाली की आखणी करायची, आणि बोअरचं पाणी आटायच्या आत, म्हणजे होळीपर्यंत, जेवढं उरकेल तेवढं उरकायचं.

पहिल्याच दिवशी आमच्या गवंड्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "अक्का, भिंत आमी बांधतोय, पण ती टिकवायची तुमी. पाणी चुकवू नका."

तोवर माझी समजूत अशी की सिमेंट चिखलासारखं उन्हात वाळून घट्ट होतं. तसं नाही. सिमेंट पाणी पिऊन घट्ट होतं. त्याला पाणी मिळत राहिलं तरच त्यात बळ येतं. वरून लवकर सुकलं तर भिंत दिसायला भिंतच दिसते, पण आतून कच्ची राहते. त्यात थंडीत सिमेंट धरायला वेळ घेतं, आणि आमच्याकडचा पौषातला वारा इतका कोरडा की सकाळी सातला मारलेलं पाणी अकरापर्यंत नाहीसं होतं. म्हणून भिंतीला निदान सात दिवस, स्लॅबला दोन आठवडे, दिवसातून तीन वेळा पाणी. खांबांना गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवायचं. स्लॅबवर मातीचे वाफे करून पाणी तुंबवून ठेवायचं.

हे काम कुणी केलं? हे सकाळी आठला गाळ्यावर जायचे ते रात्रीच यायचे. कामगार नऊला यायचे, सहाला जायचे. पहाटेचं पहिलं पाणी आणि संध्याकाळचं शेवटचं पाणी माझं. धुक्यात हातात पाइप धरून उभी राहिले आहे मी. आमच्या रिवाजाप्रमाणं पाइपाच्या तोंडाला गाळण्याचं फडकं बांधायची. त्यावर पोरं हसायची. सिमेंटच्या पाण्यानं बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. रात्री खोबरेल लावून झोपायचं, सकाळी पुन्हा तेच. दोन हिवाळे.

माणसं जेवायला असायची ती वेगळीच. आम्ही दिवस मावळल्यावर जेवत नाही. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो. म्हणजे पाचला भाकऱ्या तव्यावर पाहिजेत आणि साडेपाचला संध्याकाळचं पाणीही मारून झालं पाहिजे. एका हातात पीठ, एका हातात पाइप अशी ती वेळ. ह्यांचा डबा मी चारलाच एका पोराबरोबर गाळ्यावर पाठवायची, म्हणजे त्यांचा नियम मोडू नये.

बांधकामाची वही माझ्याकडं. किती ब्रास खडी, किती पोती सिमेंट, गवंड्याची उचल किती, सेंट्रिंगवाल्याचे किती राहिले. एकदा खडीची एक गाडी दोनदा लावली होती, ती वहीमुळं सापडली. लेथचा पाया घातला तेव्हाची गोष्ट तर सांगितलीच पाहिजे. मशीनचा पाया फरशीपासून वेगळा ठेवतात, म्हणजे मशीनची थरथर भिंतीला जात नाही. बोल्टांच्या जागा सोडायच्या, मशीन ठेवून लेव्हल बघायची, बोल्टांभोवती काँक्रीट ओतायचं, आणि ते मुरल्याशिवाय नट आवळायचे नाहीत. ह्यांच्या डोक्यावर एक ऑर्डर होती. तिसऱ्याच दिवशी पाना घेऊन उभे! मी पाना काढून घेतला आणि आठ दिवस दिला नाही. त्या मशीनची लेव्हल आजही हलली नाही, हे ते चारचौघांत कौतुकानं सांगतात. पाना कुणी लपवला होता ते सांगायचं राहून जातं.

आणि पैसे? माझ्या पाटल्या आणि मोहनमाळ पहिल्या हिवाळ्यातच सोनं तारणाला गेली. पाटल्या सोडवल्या, मोहनमाळ मोडून दुसरा लेथ आला. ते माझ्या आईनं मला दिलेलं. त्याला स्त्रीधन म्हणतात, आणि त्यावर बाईचा हक्क असतो असं सगळेच मानतात. पण सोन्याचं लोखंड झालं आणि लोखंड ह्यांचं झालं, तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्याही नाही.

आता सांगा, याला साथ म्हणतात? देवळात आरतीला टाळ वाजवणाऱ्यानं साथ दिली म्हणतात. भिंतीला बळ देणाऱ्याला बांधणारा म्हणतात.

कुणी म्हणेल, "नावात काय आहे? घर तुमचंच की." असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला माझं एक सांगणं आहे. जरा कागद काढून वाचा. मी वाचले. गृहप्रवेशानंतर पाहुणे गेले आणि मी कपाटातली फाइल काढून बसले. कर्जाच्या कागदांवर माझ्या अकरा सह्या होत्या. मी सहकर्जदार. म्हणजे हप्ता थकला तर बँक त्यांच्याइतकीच माझ्याकडं मागणार. अर्धं नव्हे, सगळं. आणि खरेदीपत्रावर, म्हणजे मालकीच्या कागदावर, माझं नाव कुठं होतं? नव्हतं. ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर नव्हतं. वर्कशॉपच्या एकाही कागदावर नव्हतं. विजेचं बिलसुद्धा ह्यांच्या नावाचं.

कर्ज दोघांचं आणि घर एकाचं! हा हिशेब माझ्या वहीत मी कुणाला लिहू दिला नसता.

यावर आपल्याकडं तीन उत्तरं तयार असतात. ती मला तिन्ही मिळाली, आणि तिन्ही बायकांकडूनच.

पहिलं उत्तर : "नाव मागणं म्हणजे नवऱ्यावर विश्वास नाही." बरं. मग सख्खे भाऊ वाटणीपत्र का करतात? बापलेक भागीदारीपत्र का लिहितात? तिथं कुणी म्हणत नाही की विश्वास नाही. तिथं म्हणतात, व्यवहार चोख असावा. व्यवहार फक्त पुरुषापुरुषांतच चोख असायचा का?

दुसरं उत्तर : "शेवटी बायकोलाच मिळणार आहे." हे तर साफ अर्धवट आहे. आमच्या जुन्या गल्लीतल्या एका बाईचं सांगते. दोघांनी मिळून घर बांधलं, विटा हिनं डोक्यावरून वाहिल्या. नवरा मृत्युपत्र न करता अचानक गेला. मागं सासू, दोन मुलगे, एक मुलगी आणि ही. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे. त्याप्रमाणं विधवा, मुलगे, मुलगी आणि मृताची आई यांना सारखे वाटे. म्हणजे हिचा पाचवा हिस्सा. कायद्यानं अन्याय केला असं मी म्हणत नाही. मुलीला आणि सासूला वाटा मिळाला हे चांगलंच झालं. पण कायदा विचारतो की नवऱ्याचं काय होतं. सगळंच नवऱ्याचं होतं असं कागद सांगतो. अर्धं घर आधीपासून तिच्या नावावर असतं तर वाटे फक्त उरलेल्या अर्ध्याचे झाले असते. आणि नवऱ्यानं स्वतःच्या कमाईच्या घराचं मृत्युपत्र केलं, तर तो ते कुणालाही देऊ शकतो. मग पाचवा हिस्साही नाही.

तिसरं उत्तर सगळ्यांत जड. ते मला मंदिरात, स्वाध्यायाला बसलेल्या एका काकूंनी दिलं. "अगं, आपण अपरिग्रह मानणाऱ्या. घर-जमीन माझी माझी म्हणायचा मोह बाईनं कशाला धरावा?"

मी चार दिवस गप्प होते. काकूंच्या बोलण्यानं मनात अपराधी वाटत होतं. मग मला उलट वाटायला लागलं. श्रावकाचं व्रत आहे ते परिग्रहाचं परिमाण करायचं. शेत इतकं, घर इतकं, सोनं इतकं, धान्य इतकं, त्यापलीकडं नको. त्या यादीत शेत आणि घर अगदी सुरुवातीलाच येतात. आता ज्या बाईच्या नावावर शेत नाही, घर नाही, आणि सोनंही गहाण आहे, तिनं परिमाण कशाचं करायचं? काकू, ज्याच्याकडं आहे त्यानं सोडलं तर त्याला त्याग म्हणतात. ज्याच्याकडं काही येऊच दिलं नाही त्याला त्यागी म्हणणं ही थट्टा आहे. आणि मोह वाईट असेल तर तो दोघांनाही वाईट. सात-बारा आणि खरेदीपत्रं छातीशी धरून बसलेल्या पुरुषांना कुणी अपरिग्रह शिकवायला जात नाही. तो धडा नेमका सुनांसाठी राखून ठेवलेला असतो.

दुसरं व्रतही आठवा. न दिलेलं घेणं म्हणजे चोरी, असं आपण पाठशाळेत शिकलो. आमचे हे चोर नाहीत, सरळ माणूस आहेत. पण बाईचे श्रम तिनं दिले म्हणून कुणी विचारतही नाही, आणि घेतले म्हणून कुणी लिहीतही नाही. मग हा जमाखर्च कुठल्या व्रतात बसतो?

आणि कुणी सांगू नये की आपल्या परंपरेत बाईची मालकी नव्हती. गदगजवळच्या लक्कुंडीला जाऊन बघा. तिथलं जिनालय १००७ साली अत्तिमब्बेनं बांधलं. ती विधवा होती. हजार वर्षं झाली, अजून त्या बसदीबरोबर तिचं नाव घेतात, कारण ते शिलालेखात कोरलं आहे. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी १२०४ ची. ती बिचिराजानं बांधली हे आपल्याला कशावरून माहीत? कोरून ठेवलं म्हणून. त्या बसदीचा दगड वाहणाऱ्या आणि चुना मळणाऱ्या बायका किती असतील! त्या कुठं आहेत? जे कोरलं नाही ते राहिलं नाही.

कोर्टाचं सांगायचं तर १८७८ साली प्रिव्ही कौन्सिलनं उत्तरेकडच्या एका अग्रवाल जैन घराच्या दाव्यात मान्य केलं होतं, की जैन रिवाजानुसार मुलगा नसलेल्या विधवेला नवऱ्याच्या स्वकमाईच्या मिळकतीवर पूर्ण हक्क असतो. हिंदू विधवेला तेव्हा नुसता हयातीपुरता हक्क होता. बॅरिस्टर चंपतराय जैन यांनी १९२६ साली जैन कायद्यावर पुस्तकच लिहिलं, आणि आपल्या विधवेचा हक्क मोठा असल्याचं त्यात मांडलं. म्हणजे एके काळी ज्या गोष्टीचा अभिमान समाजानं कोर्टात मांडला, त्याच समाजात आज सुनेनं अर्ध्या घराचं नाव काढलं की भुवया वर जातात!

सरकारलाही हे कळलं आहे. आवास योजनेचं घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर देण्याकडं त्याचा कल असतो. नाक्यापलीकडं महाराष्ट्रात बाईनं स्वतःच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत २०२१ पासून आहे. गरिबाच्या घराला जे सुचतं ते आपल्या खात्यापित्या घरांना सुचू नये?

आता आमच्या घरात काय झालं ते सांगते. ते लपवलं तर वरचं सगळं बोलणं पोकळ ठरेल.

एका रविवारी दुपारी मी फाइल ह्यांच्यापुढं ठेवली. बांधकामाची वही शेजारी ठेवली. म्हटलं, "अहो, ह्या वहीतलं हस्ताक्षर कुणाचं?" म्हणाले, "तुझं." "आणि ह्या कागदावरचं नाव?" ते बराच वेळ गप्प बसले. मग जरा रागानंच म्हणाले, "मागितलं असतंस तर दिलं नसतं का मी?"

मी म्हटलं, "हेच माझं दुखणं आहे. मला मागावं का लागलं?"

दोन दिवस घरात बोलणं नव्हतं. सासूबाईंनी तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी हे स्वतःच वकिलाकडं जाऊन आले. आल्यावर म्हणाले, "आता एकच वाट आहे. माझ्याकडून तुला बक्षीसपत्र." घर तारण असल्यामुळं बँकेची लेखी संमती लागली. मुद्रांक, नोंदणी, वकील असा खर्च आला आणि दोन दिवसांचं काम बुडालं. खरेदीच्या दिवशी दोन नावं घातली असती तर दुसऱ्या नावाला एक पैसाही जास्त पडला नसता.

आणि शब्द बघा. मराठीत बक्षीसपत्र, आणि आमच्याकडं कागद कन्नडमध्ये होतो म्हणून दानपत्र. हे देणारे, मी घेणारी. आहार, औषध, शास्त्र, अभय अशी चार दानं मला पाठ आहेत. बायकोला तिनंच बांधलेल्या घराचा अर्धा भाग देणं यांतल्या कुठल्या दानात बसतं? माझंच मला बक्षीस! तरी मी सही केली. कारण शब्द चुकीचा असला तरी हक्क खरा होता. वर्कशॉपचं मात्र आम्ही नीट केलं. भागीदारीपत्र लिहिलं. त्यात दान नाही, बक्षीस नाही. दोन भागीदार, दोघांचा सारखा हिस्सा. त्या कागदावर सही करताना हे हसून म्हणाले, "आता पाना लपवलास तर भागीदारानं लपवला असं म्हणावं लागेल." सासूबाई अजून थोड्या रुसलेल्या आहेत. त्यांनीही ह्यांच्या वडिलांच्या घराला पाणी मारलं होतं, हे त्या मला परवाच बोलता बोलता सांगून गेल्या.

मैत्रिणींनो, म्हणून माझं सांगणं थोडकं आहे. तुमच्यापैकी कुणाची ह्या दिवाळीनंतर आखणी व्हायची असेल, तर पाया खणायच्या आधी खरेदीपत्र बघा. जागेची बोलणी चालू असतानाच दोन नावं घाला. नंतर घालायला गेलात तर दान मागितल्यासारखं होतं. कर्जावर सही करायच्या आधी विचारा, मालकीवर माझी सही कुठं आहे? विजेच्या बिलावरच्या किंवा दारावरच्या पाटीवरच्या नावानं फसू नका. त्यानं मालकी ठरत नाही. घरपट्टीच्या उताऱ्यानंही ठरत नाही. सोनं मोडून मशीन आलं तर त्याचं लिहून ठेवा. वही तुमच्या हातात आहेच, त्यात एक ओळ स्वतःचीही लिहा. मुलीच्या लग्नात मोहनमाळ घालताना तिला हेही सांगा.

आणि एवढं धैर्य आज होत नसेल, तर निदान जीभ तरी वळवा. कुणी विचारलं, "घर कुणी बांधलं?" तर म्हणा, "आम्ही बांधलं." एवढ्यानं कुणाचा मान कमी होत नाही.

येत्या फाल्गुनात नात्यात एक गृहप्रवेश आहे. तिथंही शाल-श्रीफळ होईल, कुणीतरी "एकट्याच्या हिमतीवर" म्हणेल. मी ठरवलं आहे, टाळ्या वाजवायच्या आधी उभी राहून विचारीन, "भिंतीला पाणी कुणी मारलं?" तुम्ही मांडवात असाल तर माझ्याबरोबर उभ्या राहा.